सही मिळाली म्हणजे नियम पाळला?

रिझर्व्ह बँकेने ग्राहकहिताचा एखादा नवा नियम काढला की आपल्याकडे दोन ठरलेले सूर लागतात. बँका, कर्जकंपन्या आणि त्यांचे सल्लागार म्हणतात, आधीच मानेवर एवढं ओझं, त्यात आणखी एक. धंदा करायचा कसा? ग्राहकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, अजून कडक करा, दोन-चार मोठ्यांना जबर दंड ठोका, मग बघा कसे सरळ येतात. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कर्जकंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये पहिला सूर ऐकू येतो आणि संध्याकाळी ठाणे–वाशी लोकलमध्ये दुसरा. दोन्हीकडची माणसं बऱ्याचदा एकाच सोसायटीत राहतात, ही गंमत तूर्त बाजूला ठेवू. मला खटकतं ते असं, की दोघंही नियम किती असावेत यावरच भांडतात. नियम आल्यावर कंपनीने नेमकी कशाची तयारी करायची, हे कुणी विचारतच नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. आपल्या वित्तसंस्था नव्या नियमांची जी तयारी करतात ती बहुतांशी उद्या ग्राहक भांडायला आला तर कागद दाखवून हात वर करता यावेत, याची असते. कर्ज विकणाऱ्याचा इन्सेंटिव्ह, वसुली करणाऱ्याची टक्केवारी आणि तक्रार 'क्लोज' करणाऱ्याचं टार्गेट या तीन गोष्टी जशाच्या तशा ठेवून केलेली तयारी म्हणजे कागदी घोडे नाचवणं आहे. लेखापरीक्षणाच्या कामामुळे अशा बैठकांना मी बसतो. परिपत्रक आलं की एक्सेलमध्ये तक्ता होतो: कलम, जबाबदार विभाग, मुदत, स्थिती. दोन महिन्यांत लाल रकाने पिवळे होतात, पिवळे हिरवे होतात. कर्मचाऱ्यांना छोटंसं ऑनलाइन प्रशिक्षण, शेवटी दहा प्रश्न. उत्तरं व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच फिरलेली. तक्ता हिरवागार झाला की तो संचालक मंडळापुढे जातो आणि 'अनुपालन पूर्ण' अशी नोंद होते. त्या तक्त्यात 'इन्सेंटिव्ह पॉलिसी' नावाची ओळ मला आजवर दिसलेली नाही.

'की फॅक्ट स्टेटमेंट'चंच बघा. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी हा माहितीचा कागद सक्तीचा झाला. त्यात नुसता व्याजदर देऊन चालत नाही. सगळे आकार धरून कर्ज वर्षाला कितीला पडतं तो दर, म्हणजे एपीआर, दाखवावा लागतो. विमा, कायदेशीर तपासणी असे तिसऱ्याच्या नावाने घेतलेले पैसेही त्यात धरायचे. जो आकार त्या कागदावर नाही तो पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावायचा नाही. कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, मजकूर त्याला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. इतका नेटका नियम क्वचित निघतो.

आता प्रत्यक्षात काय होतं? पोच नसेल तर संगणक फाइल पुढे सरकू देत नाही, म्हणून पोच न चुकता घेतली जाते. समजावून सांगितलं नाही म्हणून मात्र काहीच अडत नाही. मोबाइलवर लिंक येते, तळाशी टिक करायची चौकट असते, ओटीपी टाकला की कर्जदाराला सगळं समजलेलं असतं! घोडबंदर रोडवर फ्लॅट घेणारं जोडपं सही करायला बसतं तेव्हा समोर कागदांची चळत असते, बिल्डरचा माणूस घाई करत असतो आणि कर्ज आणून देणाऱ्या डीएसएला महिनाअखेरीच्या आत डिस्बर्समेंट, म्हणजे कर्जाची रक्कम सुटलेली, हवी असते. मराठी प्रत मागितली तर बहुधा मिळते. ती मागायची असते, हे माहीत असेल तर. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये बँकांतल्या मराठीच्या वापरावरून राज्यात ठिकठिकाणी आंदोलन झालं. काउंटरवरचा माणूस कोणत्या भाषेत बोलतो यावर सगळा जोर होता. ज्या करारात घरातल्या दोघांची पुढची वीस वर्षं गुंतणार तो कोणत्या भाषेत आहे, हे विचारायला कुणी शाखेत गेल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

गृहकर्जासोबत विकल्या जाणाऱ्या कर्ज-संरक्षण विम्यात हे सगळं स्वच्छ दिसतं. विमा वाईट नाही; कर्त्या माणसाच्या डोक्यावर मोठं कर्ज असेल तर विमा असायलाच हवा. पण तो कर्ज देणाऱ्याकडूनच घ्यावा अशी कायद्याची सक्ती नाही. तरी 'विमा घेतला की मंजुरी लवकर येते' असं तोंडी सांगितलं जातं आणि वीस वर्षांचा एकरकमी हप्ता कर्जाच्या मुद्दलातच मिळवला जातो. समजा हा हप्ता दोन लाखांचा आहे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांत त्यापोटी महिन्याला सुमारे १,७३६ रुपये ईएमआय वाढतो आणि एकूण जवळपास ४ लाख १६ हजार रुपये जातात. म्हणजे विम्यासाठी दोन लाख आणि विम्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजापोटी आणखी दोन लाखांच्या वर. हा हिशेब ग्राहकापुढे मांडायला दोन मिनिटं पुरतात. पण ज्याला त्या पॉलिसीवर इन्सेंटिव्ह मिळणार आहे त्याने तो का मांडावा? विमा नियामकाने २०२४ पासून पॉलिसी परत करायची 'फ्री लूक' मुदत सरसकट तीस दिवसांची केली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण दोन लाख वेगळे कापले गेलेच नाहीत, ईएमआयमध्ये मुरले, तर तीस दिवसांत माणसाला कळणार कसं की परत करण्यासारखं काही आपण घेतलं आहे?

नियम ग्राहकासाठी काढायचा आणि कर्ज देणाऱ्याने तोच ग्राहकाच्या गळ्यात अडकवायचा, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलं आहे. १८५९ मध्ये इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षंच वैध. हेतू चांगला होता: सावकाराने वर्षानुवर्षं रोखा दाबून ठेवून व्याजाचा डोंगर उभा करू नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी कुळाला, म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला, बोलावून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि राहिलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून दाखवायचं. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत होती. पण व्याजाचंच मुद्दल करून टाकल्यावर त्या नियमाला धरायला काय उरलं? प्रत्येक रोखा कायदेशीर होता. प्रत्येकावर कुळाचा अंगठा होता. कुणा तपासनिसाने तेव्हा एक्सेलचा तक्ता केला असता तर तो हिरवाच आला असता. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला आणि ते लोण पुणे-अहमदनगरच्या गावागावांत पसरलं. लोकांच्या मागणीत धान्याआधी गहाणखतं, रोखे आणि वह्या होत्या. ज्यावर आपलीच निशाणी होती ते कागद त्यांनी होळीत टाकले.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. हा कायदा आपल्या अनुपालन अधिकाऱ्यांनी आवर्जून वाचावा. रोख्यावर सही आहे एवढ्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणं बंद केलं. पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक देण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर करायची सोय केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. आणि एवढं करूनही पळवाट निघालीच. गहाणखताची चौकशी होते ना, मग सावकार गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत देऊ, हे तोंडी ठेवू लागले. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद आजही ठेवावी लागली आहे, यावरून ती पळवाट किती रुळली होती ते समजावं.

आजचा ओटीपी आणि तेव्हाचा अंगठा यांत मला फार फरक दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता चुकला तर दंडव्याज लावायचं नाही, फक्त वाजवी दंडआकार लावायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. काही ठिकाणी याची 'तयारी' म्हणजे दरपत्रकात 'व्याज' खोडून 'आकार' लिहिणं एवढीच झाली, टक्केवारी तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार कर्जकंपन्यांना नवी कर्जं देण्यापासून रोखलं. अवाजवी दर हे कारण होतंच; शिवाय थकलेली कर्जं नव्या कर्जाने झाकून हिरवी ठेवल्याचाही ठपका होता. तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेणाऱ्या सावकाराला हा प्रकार लगेच ओळखीचा वाटला असता.

कागद नेटका असणं म्हणजे संस्था नेटकी असणं नव्हे, हे ठाणे-नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे ठेवीदार या पट्ट्यात भरपूर होते. सप्टेंबर २०१९ मध्ये एके सकाळी त्यांना कळलं की आपल्या खात्यातून सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील. ती मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली. एकाच बांधकाम समूहाची कर्जं लपवण्यासाठी बँकेने २१ हजारांहून जास्त खोटी खाती दाखवली होती. तपासणीला येणाऱ्यांना दाखवायचे कागद त्या बँकेत तयारच होते. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तिथल्या रांगाही लोक विसरलेले नाहीत. यात नियामकाचाही दोष आहे. तो वेळेवर पोचला नाही. पण त्यावरून 'म्हणून नियमच नकोत' असा निष्कर्ष काढणं मला समजत नाही.

आता कंपन्यांच्या बाजूच्या मुद्द्यांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला मुद्दा खर्चाचा. मोठ्या बँकेला अनुपालनासाठी माणसं आणि सॉफ्टवेअर परवडतं. वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या कर्जकंपनीला किंवा दोन-चार शाखांच्या नागरी बँकेला तेच नियम, तेच अहवाल, त्याच मुदती. नियमांच्या भाराने छोटे मोडतात आणि बाजार मोठ्यांच्या हाती जातो, हे बऱ्याच अंशी खरं आहे. परिपत्रकांचं जंगल माजलं होतं हेही खरं. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या शेवटी नऊ हजारांहून जास्त जुनी परिपत्रकं मोडीत काढून २४४ एकत्रित निदेश केले, ही त्याची कबुलीच म्हणायची. पण खर्च वाढतो तो नियमामुळे की आपण विकत असलेल्या वस्तूच्या गुंतागुंतीमुळे? ज्या संस्थेचा एकच व्याजदर, एकच प्रक्रिया शुल्क आणि विम्याची जोडगोळी नाही, तिचा माहितीचा कागद पाऊण पानात संपतो. अकरा प्रकारचे आकार लावायचे आणि मग अकरा आकार उघड करायचा खर्च फार होतो म्हणून रडायचं, याला काय म्हणावं?

शिवाय आज टाळलेला खर्च उद्या व्याजासकट येतो. ब्रिटनमधल्या बँकांनी कर्जासोबत असाच कर्ज-संरक्षण विमा वर्षानुवर्षं खपवला. त्यातल्या पुष्कळांना तो गरजेचा नव्हता, काहींना तर दावा करताच आला नसता. तक्रारींचा पूर आला तेव्हा त्या देशातल्या वित्तसंस्थांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त भरपाई द्यावी लागली. त्यांच्याकडेही सह्या होत्याच.

दुसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. नियम फार आवळले की कंपन्या गरिबाला कर्ज देणं थांबवतात आणि तो सावकाराच्या किंवा बेकायदा अॅपच्या दारात जातो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून माल उचलून ठाण्याजवळच्या दिवा गावात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईला सकाळी पाच हजार हवे असतात. तिला ग्राहकसंरक्षणाचं व्याख्यान नको असतं. आंध्र प्रदेशाने २०१० मध्ये हा धडा अनुभवला. सूक्ष्म कर्जांच्या वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला, वसुली कोसळली आणि नवी कर्जं जवळपास थांबली. ज्या बायका नियमित हप्ते भरत होत्या त्यांचीही सोय गेली. हे मी नाकारत नाही. कडक कायदा गरिबालाच लागतो, याचं हे धडधडीत उदाहरण आहे.

पण वटहुकूम आकाशातून पडला होता का? त्याआधीची काही वर्षं कंपन्या एकाच वस्तीत, एकाच बाईला, तीन-तीन चार-चार कर्जं देत सुटल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशातल्या एका मोठ्या सूक्ष्मवित्त कंपनीचा शेअर वाजतगाजत बाजारात आला होता. स्वतःहून लगाम लावायची वेळ होती तेव्हा कुणी लावला नाही, मग सरकारने गळफासच टाकला. पुढे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर २६ टक्क्यांची व्याजमर्यादा आली. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रावरची व्याजाची बंधनं काढून दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना दिली आणि अडीच वर्षांत, वर सांगितलेल्या चार कंपन्यांपैकी दोन सूक्ष्मवित्त कंपन्यांवर कारवाईची वेळ आली. मोकळीक मिळाल्यावर आपण काय करतो, याचा एवढा ताजा पुरावा समोर असताना 'आम्हाला आमचं ठरवू द्या' हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बेकायदा अॅपचं तर उलटंच आहे. ती फोफावली २०२० च्या टाळेबंदीत, तेव्हा डिजिटल कर्जासाठी वेगळे नियम नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांसाठी उपलब्ध असलेली सुमारे अकराशे कर्ज-अॅप आढळली, त्यांतली सहाशे बेकायदा होती. थेट कर्जदाराच्याच खात्यात पैसे, मन बदललं तर कर्ज परत करायची मुभा, फोनमधले संपर्क आणि फोटो उपसायला बंदी, हे सगळं सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. आधी रोग, मग औषध. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कर्जकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. कायदेशीरदृष्ट्या ते बरोबर असेल. पण मग अशा कंपनीच्या कर्जदारापाशी रिझर्व्ह बँकेच्या नियमांखेरीज उरतं काय?

तिसरा मुद्दा ग्राहकाच्या जबाबदारीचा. लोक फोन घ्यायला कर्ज काढतात, लग्नाला काढतात, एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं काढतात आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. असे लोक आहेत. न भरण्याच्या इराद्यानेच कर्ज घेणारेही आहेत, आणि त्यांचं नुकसान प्रामाणिक कर्जदाराच्या व्याजदरातून भरून निघतं. पण इथे मला ऐरोलीच्या कॉल सेंटरमधली मुलं आठवतात. घणसोली, कळवा, दिवा इथून येणारी. दिवसभर एका कंपनीच्या कर्जाची विक्री किंवा वसुली करतात आणि स्वतः दुसऱ्या कंपनीच्या अॅपचे हप्ते फेडत असतात. धंद्याची आतली भाषा बोलणाऱ्या या मुलांना 'बकेट' म्हणजे काय, 'फोरक्लोजर' म्हणजे काय, हे पाठ आहे. स्वतःच्या कर्जाचा एपीआर विचारा, सांगता येणार नाही. रोज हाच व्यवसाय करणाऱ्याला जो कागद कळत नाही तो भाजीवालीला कळला पाहिजे, ही अपेक्षा जबाबदारीच्या नावाखाली खपवू नये.

आणि 'अशाने धंदा बुडेल' हे भाकीत आपण आधी ऐकलेलं आहे. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने म्युच्युअल फंडावरचा एंट्री लोड, म्हणजे गुंतवणूकदाराच्या पैशातून वितरकासाठी कापली जाणारी रक्कम, बंद केली. उद्योग संपला, अशी ओरड झाली. छोटे वितरक धंद्यातून बाहेर पडले, हे खरं. छोट्या गावांत फंड पोचायला त्यामुळे उशीर झाला, हा आरोपही मला पटतो. पण त्या उद्योगाची मालमत्ता मे २०१४ मध्ये पहिल्यांदा दहा लाख कोटींवर गेली, ऑगस्ट २०१७ मध्ये वीस लाख कोटींवर आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तीस लाख कोटींवर. नियम आला तो थेट कमिशनच्या मुळाशी आला, म्हणून विक्रीची पद्धत बदलली. कंपन्यांना फक्त 'कमिशनची माहिती ग्राहकाला द्या' एवढंच सांगितलं असतं तर एक जादा सही वाढली असती.

तेव्हा खरी तयारी कुठून सुरू करायची? पगाराच्या पत्रकापासून. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाला आठ-आठ सेवा विकण्याचा आग्रह होता. कर्मचाऱ्यांनी टार्गेट गाठायला ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. बँकेने ५,३०० माणसं कामावरून काढली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड भरला, २०२० मध्ये आणखी ३ अब्ज डॉलर भरले. आचारसंहिता त्या बँकेतही होती आणि नीतिमत्तेचं प्रशिक्षणही होतं. फरक पडला तो शाखांतली विक्रीची टार्गेट्स रद्द केल्यावर. आपल्याकडे कर्ज वाटप झालं की त्याच महिन्यात डीएसएचं कमिशन चुकतं होतं. त्याऐवजी त्यातला मोठा हिस्सा वर्षभराने, कर्ज नीट चालू आहे आणि तक्रार नाही हे पाहून का देऊ नये? ग्राहकाने तीस दिवसांत विमा परत केला तर विकणाऱ्याचा इन्सेंटिव्ह परत घेतला जातो का? आणि 'समजावून सांगितलं' याची तपासणी करायची तर ओटीपी मोजू नका. आठवड्याने काही कर्जदारांना फोन करा आणि विचारा: तुमचा हप्ता किती, एकूण किती फेडायचं आहे, कर्जासोबत आणखी काय घेतलंत? ज्या शाखेच्या निम्म्या ग्राहकांना शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, त्या शाखेचा बोनस थांबवा. खर्च फोनचा.

वसुलीत हेच जास्त उघडं होतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हे सगळं लिहिलेलं आहे. वसुली एजंटासाठी शंभर तासांचं, पदवीधराला पन्नास तासांचं प्रशिक्षणही ठरलेलं आहे. पण एजन्सीला पैसे मिळतात वसुलीच्या टक्केवारीवर आणि बिल होतं महिनाअखेरीस. शंभर तासांत शिकवलेली सभ्यता महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत कुठे जाते, हे ज्याने तो फोन घेतला आहे त्याला विचारा. तक्रारींचंही तसंच. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यामुळे तिसाव्या दिवसाआधी 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे' हा मेसेज हमखास येतो. मोजायचं असेल तर तक्रारी किती दिवसांत बंद झाल्या हे मोजू नका, त्याच कारणाची तक्रार पुन्हा किती जणांकडून आली ते मोजा.

हे अव्यवहार्य आहे, असं मला सांगितलं जातं. वेळ लागतो, सिस्टीम बदलाव्या लागतात, भागधारकांना उत्तर द्यावं लागतं. ज्या चार कंपन्यांचं कर्जवाटप ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबवलं होतं, त्या सगळ्यांनी दर आणि कार्यपद्धती सुधारल्या आणि जानेवारी २०२५ पर्यंत सगळ्यांवरचे निर्बंध उठले. अडीच-तीन महिने. धंदा बंद असताना जे अडीच महिन्यांत जमतं ते धंदा चालू असताना अडीच वर्षांत का जमत नाही?

पतसंस्थांचं वेगळं आहे. त्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, सहकार खात्याच्या आहेत, म्हणून लोकपाल आणि माहितीच्या कागदाची ही चर्चा त्यांच्या दारापर्यंत येत नाही. ठाण्या-कल्याणच्या जुन्या वस्त्यांत आजही दुकानदाराचा पहिला आधार पतसंस्था आणि रोज गल्ल्यावर येणारा पिग्मी एजंट हाच असतो. त्यांना वरून नियम यायची वाट बघायची गरज नाही, कारण तिथे ग्राहकच सभासद आहे आणि सभासदच मालक. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी लाभांश जाहीर होतो, सत्कार होतात, अल्पोपाहार होतो आणि विषयपत्रिका मिनिटांत मंजूर होते. या वेळी कुणीतरी उठून वसुलीसाठी कुणाला किती टक्के दिले जातात, वर्षभरात कर्जदारांच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या किती एकाच माणसाविरुद्ध होत्या, हे विचारावं आणि इतिवृत्तात उत्तरासकट लिहून घ्यावं.